अचलपूरच्या पुऱ्यांचा वस्ती-नकाशा करायचा आहे: कोणते कागद, कुठून, आणि वाचायचे कसे?

सापनकाठ (प्रश्न)

नमस्कार. अचलपुरातल्या जुन्या पुऱ्यांचा (म्हणजे गावातल्या जुन्या मोहल्ल्यांचा) वस्ती-नकाशा आमच्या वाचनालयाने हाती घेतला आहे. सुलतानपुरा, बिलनपुरा, जीवनपुरा, अब्बासपुरा, सरमसपुरा, नामदारगंज, देवडी, बुधवारा आणि जोडीला शेजारचं परतवाडा. कोणत्या काळात कुठे कोणत्या धंद्याची आणि कोणत्या समाजाची वस्ती होती, ती कधी हलली, का हलली, एवढं दाखवायचं आहे. काळ साधारण १८५० पासून आजपर्यंतचा.

चार ठिकाणी अडलं आहे. पुऱ्यांच्या हद्दी दाखवणारा जुना नकाशा कोणत्या कार्यालयात कसा मागायचा? पुऱ्याचं नाव एक आणि वस्ती भलतीच, असं का? जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका ओळीने लावल्या की अनुसूचित जाती-जमातींचे आकडे मध्येच खाली जातात आणि मध्येच उसळतात, पण गाव सोडून कुणी गेल्याचं किंवा नवीन कुणी आल्याचं जुनी माणसं सांगत नाहीत. आणि शेवटचं, घरमालकांची नावं व जाती छापायच्या की नाही?

मनुष्यबळ: चार स्वयंसेवक. दोघांना क्यूजीआयएस (संगणकावर नकाशे करायची प्रणाली) येतं. उर्दू वाचणारे एक आहेत, मोडी कुणालाच येत नाही.

---

नझूलशीट

मी नकाशे आणि मालकीच्या कागदांपुरतं लिहितो.

सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या मालिकेत अचलपूर चार पत्रकांच्या सांध्यावर येतं, कारण २१°१५' उत्तर आणि ७७°३०' पूर्व या रेषा गावाला लागूनच एकमेकींना छेदतात. म्हणून १:५०,००० ची ५५ जी/७, जी/८, जी/११ आणि जी/१२ ही चारही पत्रकं घ्या. एकच घेतलं तर परिसर कडेला कापला जातो. या पत्रकांचा उपयोग सापन आणि बिच्छन या नद्या, रस्ते, रेल्वे आणि गावठाणाचा आकार पाहण्यापुरता. पुरे त्यात दिसणार नाहीत.

पुऱ्यांसाठी उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे जावं लागेल. अर्जात ‘सुलतानपुऱ्याचा नकाशा मिळावा’ असं लिहू नका. त्या कार्यालयाच्या दप्तरात मिळकत शीट नंबर आणि प्लॉट नंबरने ओळखली जाते, पुऱ्याच्या नावाने नाही. आधी कोणती शीट कुठे लागते ते दाखवणारा निर्देशक नकाशा पाहायला मागा, त्यावर तुमचे पुरे पेन्सिलीने ओळखा, आणि मग नेमक्या शीट क्रमांकांच्या प्रमाणित नकला मागा. आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) सगळेच काढतात, पण तुम्हाला खरी गरज चौकशी नोंदवहीची आहे. नगर भूमापन झालं तेव्हा प्रत्येक प्लॉटवर हक्क कोण सांगतो आणि कशाच्या आधारावर (वारसा, खरेदी, इनाम, नझूलचा म्हणजे शहरातल्या सरकारी जागेचा पट्टा) याची चौकशी होऊन ती तिथे लिहिली गेली. आखीव पत्रिकेवर आजचा धारक ठळक असतो. तो तिथे कसा आला, ते चौकशीत सापडतं.

शीट स्कॅन करताना घड्या सपाट करून घ्या. कागद एका दिशेने जास्त आकसलेला असतो, म्हणून तीन बिंदूंवर नकाशा बसवलात तर कडेची घरं सरकतील. प्रत्येक शीटवर किमान सहा बिंदू घ्या, चार कोपऱ्यांकडचे आणि दोन मधले. बिंदू म्हणून विहीर, दर्गा, मशीद, देऊळ, दरवाजा, पुलाचा कठडा घ्या. रस्त्याचा कोपरा घेऊ नका. रुंदीकरणात तो हलतो. दुल्हा दरवाजा आणि खिडकी दरवाजा हे चांगले बिंदू आहेत. चूक पाच मीटरच्या वर दाखवत असेल तर एखादा बिंदू चुकलेला आहे. सगळे पुन्हा टाकण्यापेक्षा एकेक बिंदू बंद करून पाहा. मोजपट्टी शीटच्या कोपऱ्यातच वाचा. जुनी शीट फूट-इंचात असू शकते.

आता वस्ती बदलाचा सगळ्यात उपयोगी कागद: नगरपालिकेची मालमत्ता कर आकारणी नोंदवही. तिच्यात मालक आणि भोगवटादार (प्रत्यक्ष राहणारा) असे दोन वेगळे रकाने असतात. जुन्या पुऱ्यांत वारसाची नोंद पिढ्यान्‌पिढ्या होत नाही, त्यामुळे मालकाच्या रकान्यात पणजोबा तसेच बसलेले असतात. बदल आधी दिसतो तो भोगवटादाराच्या रकान्यात. नुसता मालकाचा रकाना उतरवलात तर चाळीस-पन्नास वर्षांत काहीच हललं नाही असा नकाशा तयार होईल. १९६५ च्या नगरपरिषद कायद्यात फेरआकारणी चार वर्षांनी करायची असते. प्रत्यक्षात ती लांबते. म्हणून नोंदवहीच्या मुखपृष्ठावरचं वर्ष धरू नका, आकारणी अंमलात आल्याचं वर्ष धरा. सगळ्या नोंदवह्या नकोत. साधारण वीस वर्षांच्या अंतराने तीन पुरतात. घर क्रमांक मात्र प्रत्येक प्रभागरचनेनंतर बदललेले असतात, त्यामुळे जुना-नवा क्रमांक जुळवणारा तक्ता आधी करा. या तक्त्याला बाकी सगळ्या कामापेक्षा जास्त वेळ लागतो. त्यात काटकसर करू नका.

जुन्या खरेदीखतांतली चतुःसीमा विसरू नका. एका घराच्या खतात पूर्वेस कोण, पश्चिमेस कोण हे लिहिलेलं असतं, म्हणजे एका दस्तातून चार-पाच घरं कळतात. एका गल्लीतली वेगवेगळ्या वर्षांची सहा-सात खतं मिळाली तर ती गल्ली जवळजवळ पूर्ण उभी राहते. लोकांकडच्या पेट्यांत ही खतं असतात. फोटो तिथल्या तिथे काढा, मूळ कागद घरी नेऊ नका.

१९०५ पर्यंत एलिचपूर (अचलपूरचंच तेव्हाचं नाव) हा स्वतंत्र जिल्हा होता, नंतर तो अमरावतीत मिसळला. त्यामुळे १९०५ आधीचं काही शोधताना ‘अमरावती जिल्हा’ घालून शोधलं तर हाती काही लागत नाही. एलिचपूर म्हणूनच शोधा. १८५३ ते १९०३ या काळात वऱ्हाडचा कारभार हैदराबादच्या रेसिडेंटकडे (निजामाच्या दरबारातल्या इंग्रज प्रतिनिधीकडे) होता, म्हणून रेसिडेन्सीचे कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात. त्यानंतरचे मध्य प्रांत-वऱ्हाडचे कागद नागपूरच्या पुराभिलेखागारात पाहायचे. १८५३ आधीचं निजामी दप्तर हैदराबादच्या राज्य अभिलेखागारात, आणि ते बहुतांश फारसीत. तुमचे उर्दू वाचणारे सदस्य फारसी शिकस्ता (घाईचं, जोडून लिहिलेलं अक्षर) वाचू शकतीलच असं धरून चालू नका. लिपी ओळखीची असली तरी कारकुनी वळण वेगळं आहे.

---

शिरगणती

जनगणनेच्या उड्यांबद्दल. यात गूढ काही नाही, पण विदर्भात हे माहीत नसेल तर नकाशा साफ चुकतो.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली. त्यानंतरच्या १९६१ च्या जनगणनेत हजारो कुटुंबांनी धर्म बौद्ध लिहिला. अनुसूचित जातींच्या केंद्राच्या यादीत मात्र बौद्धांचा समावेश १९९० च्या दुरुस्तीने झाला. म्हणजे १९६१, १९७१ आणि १९८१ या तिन्ही जनगणनांत ही कुटुंबं ‘अनुसूचित जाती’च्या रकान्यात नाहीत, आणि १९९१ ला ती परत आली. वस्ती तिथेच, घर तेच, रकाना बदलला. ज्या प्रभागात १९६१ ला अनुसूचित जातींचा आकडा एकदम कोसळला आणि १९९१ ला उसळला, तिथे स्थलांतर शोधत बसू नका. उलट तो आकडा त्या वस्तीतल्या धर्मांतराचा ढोबळ माग आहे.

जमातींचं दुसरं कारण. १९७६ च्या दुरुस्तीआधी विदर्भात अनुसूचित जमातींची यादी क्षेत्राला बांधलेली होती. अमरावती जिल्ह्यात ती मेळघाट तालुक्यापुरती होती. म्हणजे मेळघाटातला कोरकू जमातीत मोजला जाई, आणि तोच डोंगर उतरून परतवाड्याला लाकडाच्या कामावर राहिला तर मोजला जात नसे. १९८१ चा आकडा वाढलेला दिसतो तो बऱ्याच अंशी या दुरुस्तीमुळे. १९७१ आणि १९८१ ची थेट तुलना करून ‘सत्तरच्या दशकात आदिवासी परतवाड्यात आले’ असं लिहिलंत तर ते चूक ठरेल. आले असतील, पण या आकड्यांवरून ते सिद्ध होत नाही.

धर्माची आकडेवारी शहरापर्यंत मिळते, प्रभागापर्यंत नाही. प्रभागनिहाय मिळतं ते एकूण लोकसंख्या, अनुसूचित जाती-जमाती, साक्षर आणि काम करणारे. जातनिहाय छापील तक्ते १९३१ पर्यंतच, तेही जिल्हा पातळीवरचे. पुऱ्याची जात जनगणनेतून कधीच कळणार नाही, त्यामुळे तो प्रयत्नच करू नका.

धंद्यासाठी मात्र हे आकडे चांगले आहेत. १९६१, १९७१ आणि १९९१ ला काम करणाऱ्यांचे नऊ गट आहेत आणि त्यात ‘घरगुती उद्योग’ वेगळा आहे. विणकराची वस्ती त्या रकान्यात उठून दिसते. २००१ आणि २०११ ला प्रभाग पातळीवर चारच गट उरले: शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग, इतर. म्हणून तुलना करताना जुने नऊ गट बेरजा मारून चारात बसवा, उलटं करता येत नाही.

पुस्तिका शोधताना एक खोच आहे. १९५१ ला विदर्भ मध्य प्रदेशात होता, म्हणून अमरावतीची त्या वर्षीची पुस्तिका मध्य प्रदेशाखाली आहे, महाराष्ट्राखाली सापडणार नाही. १९०१ चा वऱ्हाडचा खंड स्वतंत्र आहे. १९११ पासून मध्य प्रांत आणि वऱ्हाड एकत्र. स्कॅन प्रती जनगणना कार्यालयाच्या संकेतस्थळावर आहेत, पण प्रभागांचा नकाशा असलेलं पान स्कॅनमध्ये घडीसकट आलेलं किंवा गाळलेलं असू शकतं. प्रभागाची हद्द कळली नाही तर तो आकडा नकाशावर चढवू नका, तक्त्यातच ठेवा.

---

पांदणवाट

ताई, कागद तं पाहाच, पन गल्ली बी वाचता आली पायजे. आन गल्ली बी फसवते बरं, थे कुठं फसवते तेबी सांगतो.

विनकराची जुनी वस्ती पाहाची असन तं पयले गल्लीची लांबी पाहा. मागावर ताना चढवाच्या आंधी पांजनी करा लागते, म्हन्जे सूत लांब ताणून, खळ लावून, कुच्यानं सारखं करून सुकवा लागते. त्याले सरळ, मोकळी पट्टी लागते. म्हून अशी गल्ली नाकासमोर सरळ असते आन मधात कोनाचा ओटा येत नाई. घरात रस्त्याकडच्या खिडकीपाशी पाय सोडाचा खड्डा असे. माग गेला का पयले खड्डा बुजते. पन फरशीचा तेवढा तुकडा येगळा दिसते, नाईतं तेवढीच जमीन दबलेली असते. मंग काही वर्सानं त्याच खिडकीचं दुकान होते.

पन खड्डा दिसला म्हून ‘अठी कोष्टी रायत होते’ असं लेहू नोका. माग मोमीन बी चालवत, कोष्टी बी, साळी बी. खड्डा धंदा सांगते, जात सांगत नाई.

दुसरं, पोळा कुठं भरत होता थे पुसा. ज्या पुऱ्यात तोरन बांधत होते, तिथं बैलजोड्यावाले होते. तोरन कोन्या साली बंद झालं आन जोड्या कोठी जाऊ लागल्या, एवढं कळलं तं शेतकरी वस्ती कव्हा पातळ झाली थे बरोबर कळते. मानाची जोडी कोनाची होती आन आता मान कोनाकडे हाये, थे बी लेहून घ्या. तसंच मोहरमच्या सवाऱ्याईचं. सवारी कोन्या घरची, कोन्या चौकात थांबे, तिथं पानी कोन पाजे. लय ठिकानी सवारी हिंदूच्या घरची बी निघन. मिरवनुकीचा रस्ता माणसं हलली तरी लवकर बदलत नाई, म्हून जुनी वस्ती तिथं सापडते.

पुसाची रीत बी सांगतो. ‘अठी पयले कोन रायत होतं?’ असं पुसलं का मानूस आपल्याच जातीचं नाव पयले घेते. त्यापक्षा पुसा: पानी कोन्या विहिरीचं आनत होते, आन ती विहीर सगळ्याईले खुली होती का? दळन कोठी? मयत कोन्या रस्त्यानं नेत होते? लग्नाचं बोलावनं कोन्या कोन्या घरी जाये? हे बायाईले पुसा, मानसाईपक्षा त्याईले जास्त आठवते. साल तं पुसूच नोका, कोनालेच आठवत नाई. ‘शकुंतलेचं (मूर्तिजापूरच्या छोट्या गाडीचं) इंजिन कोळशाचं होतं का डिझेलचं?’ असं पुसा. कोळशाचं गेलं १९९४ मंधी, म्हन्जे आंधीचं का नंतरचं थे कळलं. तसंच ७२ चा दुष्काळ, इंदिरा गांधीची आणीबानी, मिल सरकारनं घेतली थे.

आन दगडाचं. परकोट (गावाची भित) पडला तसे त्याचे दगड लोकाईनं घराच्या जोत्यात लावले. लेख कोरलेला दगड घरात दिसला म्हून थे घर तेवढं जुनं नाई. दगड कुठून बी येते. इटाईवर भरोसा ठेवा. इंच-दीड इंचाची पातळ इट असन तं भित जुनी, तीन इंची जाड इट असन तं अलीकडची. दोन्ही एकाच भितीत दिसल्या तं खालची ओळ पाहा, वरची डागडुजी असते.

---

सापनकाठ

सगळ्यांचे आभार. रकाना बदलला आणि वस्ती तिथेच, हे कळल्यावर आमचा एक अख्खा तक्ता रद्द करावा लागणार आहे, पण बरं झालं.

दोन गोष्टी अजून. आकारणी नोंदवही फार मागची मिळाली नाही तर पर्याय काय? आणि नावांचं कुणी लिहिलं नाही. पुऱ्याचं नाव पुरावा म्हणून किती धरायचं?

---

शिलाछाप

नाव पुरा कुणी वसवला किंवा कुणाच्या नावे वसला ते सांगतं. तिथे कोण राहिलं ते सांगत नाही. तुमचा गोंधळ एवढ्याचाच आहे.

अचलपूर इमादशाहीची राजधानी होतं. फतहुल्ला इमादुल्मुल्क १४९० ला स्वतंत्र झाला आणि १५७४ ला अहमदनगरकरांनी ते राज्य घेतलं. पण आज कानावर येणाऱ्या पुऱ्या-गंजांच्या नावांतली काही त्या काळची नाहीत, नंतरच्या पन्नी पठाण नवाबांच्या काळातली आहेत. सुलतानपुरा सुलतान खानाच्या नावाचा, तशीच नामदारगंजाच्या नावामागे नामदार खान. पुरा म्हणजे नवाबाने किंवा सरदाराने जागा दिली, कसबी माणसं, शिपाईगडी, वाणी-उदमी आणून बसवले, आणि नाव आपलं दिलं. त्यामुळे सुलतानपुरा नाव म्हणून तिथे सगळे मुसलमानच, किंवा माळीपुरा म्हणून सगळे माळीच, असं धरलं तर पहिल्याच गल्लीत ते मोडतं. धंद्यावरून पडलेलं नाव (चावलमंडी) आणि वारावरून पडलेलं नाव (बुधवारा) त्यातल्या त्यात जास्त भरवशाचं, कारण ते बाजाराची जागा दाखवतं, आणि बाजार वस्तीपेक्षा हळू हलतो.

नझूलशीट यांनी वीस-वीस वर्षांच्या अंतराने नोंदवह्या घ्या म्हटलं, तिथे माझं थोडं वेगळं मत आहे. सारख्या अंतराचे काप केले तर बदलाची कारणं दोन कापांच्या मधे हरवतात. काप घटनेच्या आधी आणि नंतर घ्या. पहिली घटना छावणी. परतवाडा मुळात हैदराबाद कंटिंजंटच्या (निजामाच्या खर्चाने ठेवलेल्या, इंग्रज अधिकाऱ्यांच्या फौजेच्या) छावणीचं ठाणं. छावणी आली की सदर बाजार येतो, आणि सदर बाजाराबरोबर कंत्राटदार, शिंपी, खाटीक, धोबी, बाहेरगावचे व्यापारी येतात. ही वस्ती पुऱ्यांसारखी जातीच्या आळ्यांनी वाढलेली नाही. पलटणीच्या गरजेने वाढलेली आहे. म्हणून परतवाड्याला वेगळी सूची लावा. पुऱ्यांची पद्धत तिथे चालत नाही. १९०३ ला कंटिंजंट इंग्रजांच्या हिंदुस्थानी फौजेत मिसळली आणि १९०५ ला जिल्ह्याचं ठाणंही गेलं. दोन वर्षांत दोन आधार सुटले. या आधीचा आणि नंतरचा काप मिळाला तर तुमचं अर्धं काम झालं. १८७० चं वऱ्हाडचं गॅझेटिअर आणि १९११ चं अमरावतीचं गॅझेटिअर शेजारी ठेवून वाचा, फरक त्यातच दिसायला लागतो.

त्यानंतर मूर्तिजापूरहून आलेली ७६२ मिलिमीटर रुंदीची रेल्वे आणि कापसाचा धंदा. मग कापड गिरणी. जुन्या विदर्भ मिलचं राष्ट्रीयीकरण १९७४ च्या कायद्याने झालं. पुढे राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची फिनले मिल आली, आणि ती २०२० च्या टाळेबंदीत थांबली. गिरणीत पगार सुरू झाला की हातमागाच्या घरातला पोरगा गिरणीत जातो आणि घर तिथेच राहतं. वस्ती बदललेली दिसत नाही, धंदा बदललेला असतो. तुमच्या नकाशात समाज आणि धंदा हे दोन वेगळे थर ठेवायचं कारण हेच. एकाच रंगात दोन्ही भरलेत तर १९७४ नंतरचं काहीच वाचता येणार नाही.

शेवटचा थर ले-आऊटचा. शेती अकृषक करून प्लॉट पडले, ऐपत असलेली घरं परतवाड्याकडे सरकली, मागे म्हातारी माणसं किंवा भाडेकरू उरले. घरात कायम राहणारं कुणी नसलं की धाब्यावर (मातीच्या सपाट छपरावर) दरवर्षी पावसाळ्याआधी पडणारी खारी माती पडत नाही. दोन-तीन पावसाळ्यांत पाणी मुरतं, सागवानी पाट्या कुजतात आणि माडी बसते. म्हणून पडक्या घरांची वेगळी खूण करा; ज्या गल्लीत पडकी घरं जास्त, तिथून ऐपतदार वस्ती आधी हलली, हे बहुतेक वेळा जुळतं. वारसांचा वाद असलेली घरंही अशीच पडतात, ती आखीव पत्रिकेवरून वेगळी काढा.

दुल्हा रहमान शाहच्या दर्ग्याबद्दल गझनीच्या महंमदाशी नातं जोडणारी कथा तुम्हाला हमखास सांगतील. ती कथा म्हणून वेगळ्या चौकटीत द्या, काळाच्या पट्टीवर बसवू नका.

---

नझूलशीट

घटनेप्रमाणे काप घ्यायचं म्हणणं मान्य, नोंदवही त्या वर्षाची मिळाली तर उत्तमच.

आकारणी मागची नसेल तर तीन पर्याय. पहिला, जन्म-मृत्यू नोंदी. शहराच्या नोंदी नगरपालिकेकडे, आसपासच्या खेड्यांच्या कोतवाल बुकात (गावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीत), आणि ती बुकं तहसीलच्या अभिलेख कक्षात. जुन्या नोंदीत बापाचं नाव, जात आणि राहण्याचं ठिकाण असतं. जातपडताळणीसाठी लोक सतत नकला काढतात, त्यामुळे पानं झिजलेली असतात, सांभाळून. दुसरा, शाळेचं दाखल-खारिज रजिस्टर (मुलगा शाळेत कधी आला, कधी गेला त्याची नोंद). मराठी आणि उर्दू दोन्ही माध्यमांच्या जुन्या शाळा घ्या, एकच घेतली तर निम्मं गाव गळतं. आणि ‘खारिज’चं कारण व पुढचं गाव नक्की उतरवा, कुटुंब हलल्याचं वर्ष तिथे मिळतं.

तिसरा पर्याय कुणी वापरत नाही, पण फार चांगला आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेल्या देवस्थानांचं ‘परिशिष्ट एक’ (विश्वस्त व मालमत्तेचा नोंद-उतारा) धर्मादाय कार्यालयात मिळतं. विश्वस्त बदलले की कलम २२ खाली बदल अर्ज होतो. एखाद्या पुऱ्यातल्या देवळाच्या विश्वस्तांचे पत्ते पहिल्या नोंदीत त्याच पुऱ्यातले आणि नंतरच्या बदल अर्जांत परतवाड्याचे किंवा अमरावतीचे झाले, तर तो समाज कधी हलला ते वर्षासकट कळतं. मशिदी, दर्गे, कब्रस्तानांसाठी वक्फ मंडळाची नोंद बघा.

मतदार यादीवरून आडनावं मोजण्याचा मोह होईल. वऱ्हाडात देशमुख, पाटील, देशपांडे, काझी, इनामदार ही वतनाची नावं आहेत. पाटील कुणबी असतो, माळी असतो, तेली असतो. देशमुख तर मुसलमानही असतो. आडनावावरून समाज भरलेला रकाना कुणी तपासला तर टिकणार नाही.

---

शिरगणती

छापण्याबद्दल. घरनिहाय नाव आणि जात छापू नका, नकाशाच्या फाईलमध्येही ठेवू नका. फाईल आज ना उद्या बाहेर जातेच. गल्ली हा सर्वात लहान एकक धरा, आणि ज्या गल्लीत एखाद्या समाजाची पाचपेक्षा कमी घरं आहेत तिथे शेजारची गल्ली जोडून आकडा द्या, नाहीतर नाव न छापताही घर ओळखू येतं. विहीर कुणाला बंद होती ही माहिती सांगणाऱ्याच्या परवानगीनेच, आणि गल्लीच्या नावाने नाही, पुऱ्याच्या नावाने. उतरवलेल्या मूळ वह्या वाचनालयाच्या कपाटात कुलपात, आणि किल्ली दोघांकडे.

रंग निवडताना हिरवा, भगवा, निळा हे तिन्ही टाळा. करड्या आणि तपकिरी छटा, किंवा नुसत्या रेघा-ठिपके वापरा. हा नकाशा चौकात लागला की लोक आधी रंगच बघणार आहेत.

---

पांदणवाट

आन ताई, छापाच्या आंधी कच्चा नकाशा एकेका पुऱ्यात नेऊन दाखवा. संध्याकाळी, पारावर नाईतं ओट्यावर. चूक असन तं दहा मिनिटात चार जन सांगतीन. दोघाईचं जमलं नाई तं दोन्ही लेहा, कोनाचं खरं थे तुमी ठरवू नोका. आन थ्या दिवशी पेन्सिल नेजा, पेन नोका नेऊ.